फुलांच्या मैदानातील पुतळा

रोम शहर बसमधून पाहू नये, पायांनी पाहावे, असा सल्ला तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांला दिला. काही वर्षांपूर्वी एका अल्पकालीन अभ्यासक्रमासाठी आमचा तिथे ऑक्टोबर ते मार्च असा मुक्काम होता. सकाळी व्याख्याने, दुपारी वाचनालय. संध्याकाळ आणि शनिवार मात्र आमच्या मालकीचे. एक छत्री, एक घडीचा नकाशा आणि वसईच्या बाजारात घेतलेले चामडी बूट एवढ्या सामग्रीवर आम्ही ते शहर चालून काढले. बुटांनी जानेवारीत दम सोडला.

पहिले काही आठवडे अर्थातच देवळांत गेले. संत पेत्र महामंदिरापुढच्या स्तंभावलीवर 140 संतांचे पुतळे उभे आहेत. खाली उभे राहून ते मोजण्याचा आमचा प्रयत्न दोनदा फसला. टायबर नदीवरच्या संत आंजेलो पुलावर बर्निनीच्या योजनेनुसार घडविलेले दहा देवदूत आहेत आणि प्रत्येकाच्या हाती प्रभूच्या दुःखसहनाचे एकेक साधन आहे: कोणाकडे काटेरी मुकुट, कोणाकडे खिळे, कोणाकडे भाला. या मूर्तींसमोर आम्हांला परकेपणा वाटला नाही. ज्याचे बालपण वाडीच्या नाक्यावरच्या क्रुसाला फुले वाहण्यात गेले त्याला संतांची संगत नवी नसते. देवळातली मूर्ती आपल्याकडून काय मागते हे आम्हांला ठाऊक होते. प्रश्न पडू लागले ते पुढे, देवळांबाहेरच्या पुतळ्यांशी गाठ पडू लागली तेव्हा. ज्यांच्यापुढे कोणी मेणबत्ती लावीत नाही, कोणी गुडघे टेकीत नाही, अशी ही चौकातली दगडाची आणि ब्राँझची माणसे येणाऱ्या-जाणाऱ्याकडून काय मागतात?

पहिला धक्का कॅपिटोल टेकडीवर बसला. तिथल्या चौकाच्या मध्यभागी सम्राट मार्कुस ऑरेलियस घोड्यावर बसून उजवा हात पुढे करून उभा आहे. (आता तिथे 1997 साली बसविलेली प्रतिकृती आहे, मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात सांभाळून ठेवला आहे.) प्राचीन रोमच्या सम्राटांचे असे कितीतरी अश्वारूढ पुतळे होते. ते सगळे कालांतराने वितळवले गेले, हा एक उरला. का उरला? तर मध्ययुगातील ख्रिस्ती लोकांना तो सम्राट कॉन्स्टन्टाइनचा वाटला म्हणून! ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्याचा पुतळा कोण वितळवील? प्रत्यक्षात मार्कुस ऑरेलियसच्या कारकिर्दीतच, इ. स. 165च्या सुमारास, संत जस्टिन आणि त्यांचे सोबती याच शहरात श्रद्धेपायी मारले गेले. जस्टिन स्वतः तत्त्वज्ञ. त्यांना शिक्षा सुनावणारा नगराधिकारी रुस्टिकस हा तर सम्राटाचा तत्त्वज्ञानातील गुरू. म्हणजे एका तत्त्वचिंतकाने दुसऱ्या तत्त्वचिंतकाला तिसऱ्या तत्त्वचिंतकाच्या नावाने मृत्युदंड दिला, आणि त्या तिसऱ्याचा पुतळा आपल्या पूर्वजांनी गैरसमजाने शतकानुशतके जपला. आम्हांला त्या दिवशी गंमत वाटली. पूर्वजांची चूक, पण किती सुंदर चूक, असे म्हणत आम्ही टेकडी उतरलो. आपल्या माणसाला मारणाऱ्याचा पुतळा आपणच राखला यात एक प्रकारचे औदार्यही आम्हांला दिसू लागले होते. वस्तुतः अजाणतेपणी घडलेल्या गोष्टीला औदार्य म्हणता येत नाही.

पिआत्सा नाव्होनाजवळ पास्क्विनो नावाचा एक झिजलेला, हात नसलेला, नाक तुटलेला प्राचीन पुतळा आहे. 1501 साली कार्डिनल काराफा यांनी तो तिथे उभा केला. तेव्हापासून रोमचे लोक सत्ताधीशांवरील, विशेषतः पोपमहोदयांवरील उपहासाची कवने रात्रीच्या अंधारात त्याच्यावर चिकटवीत आले. आजही तिथे कागद दिसतात. आपल्याकडे शिमग्याला जी मुभा असते ती रोमकरांनी या दगडाला बारा महिने दिली होती, एवढेच म्हणून पुढे जाऊ. कारण आम्हांला ज्या पुतळ्याविषयी लिहायचे आहे तो तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.

‘काम्पो दे फिओरी’ म्हणजे फुलांचे मैदान. नाव मैदानाचे असले तरी तो चारी बाजूंनी जुन्या घरांनी वेढलेला चौक आहे. सकाळी तिथे भाजीबाजार भरतो. एका शनिवारी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा टोमॅटोचे ढीग, कोबी, लसणाच्या माळा, फुलांच्या बादल्या आणि गिऱ्हाइकांचा कलकलाट पाहून आम्हांला थेट वसईचा बाजार आठवला. त्या गर्दीच्या मधोमध, छत्र्या आणि तंबूंच्या वर, एक काळसर ब्राँझची आकृती उभी होती. आम्ही मागच्या बाजूने येत होतो. डोक्यावरून ओढलेली कुंची, अंगावर मठवासीयाचा झगा. कोणीतरी डॉमिनिकन संत असावा, असे आम्ही मनाशी ठरविले. विन्सेंट फेरर असतील काय? बाजारात उभा असलेला उपदेशक, किती योग्य जागा! आमचा हात सवयीने कपाळाकडे जाऊ लागला होता. मग आम्ही वळसा घालून पुढे आलो. कुंचीच्या सावलीत खाली झुकलेला, कठोर, उदास चेहरा. पुढे एकमेकांवर टेकलेले हात आणि त्या हातांखाली एक ग्रंथ. पायथ्यावरचा लेख वाचला आणि आमचा हात जिथल्या तिथे थांबला. तो जोर्दानो ब्रूनोचा पुतळा होता. जिथे चिता पेटली त्याच जागी, त्याने आधीच ओळखलेल्या युगाने हा उभारला आहे, अशा आशयाची अक्षरे तिथे कोरलेली आहेत.

सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या पुस्तकात ब्रूनो आम्हांला चार ओळींत भेटला होता. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नसे. म्हणून वाचकांसाठी त्याची हकिगत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 1548 साली नेपल्सजवळच्या नोला गावी त्याचा जन्म झाला. सतराव्या वर्षी तो डॉमिनिकन मठात शिरला, 1572 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि 1576 साली संशयित ठरल्यावर तो मठ सोडून पळाला. पुढची पंधरा वर्षे जिनीव्हा, पॅरिस, लंडन, विटेनबर्ग, प्राग, फ्रँकफर्ट अशी भटकंती झाली. माणूस बुद्धीने अचाट आणि जिभेने तिखट. जिनीव्हातल्या कॅल्विनपंथीयांनी त्याला बहिष्कृत केले, जर्मनीतल्या ल्यूथरपंथीयांनीही केले. कॅथलिकांनी तर शेवटी जाळलेच. 1592 साली व्हेनिसमध्ये ज्याच्या घरी तो पाहुणा होता त्याच यजमानाने त्याला धर्मन्यायालयाच्या स्वाधीन केले. 1593च्या फेब्रुवारीत त्याला रोमला आणले गेले आणि सात वर्षे तो कोठडीत राहिला.

विश्व अनंत आहे, तारे हे सूर्य आहेत, आपल्यासारखी अगणित जगे असतील, असे तो म्हणत असे. एवढ्यासाठीच त्याला जाळले अशी एक समजूत आहे, ती अपुरी आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, मिस्सातील भाकरीचे ख्रिस्तशरीरात होणारे परिवर्तन या श्रद्धेच्या गाभ्यावरच त्याने संशय घेतल्याचे आरोप त्याच्यावर होते. खटल्याची मूळ कागदपत्रे बहुतांशी नष्ट झाली आहेत. त्याचा एक सारांश व्हॅटिकनच्या संग्रहात सापडला, तो 1942 साली प्रसिद्ध झाला. तो पाखंडी होता काय, या प्रश्नाला आम्ही धर्मगुरू या नात्याने होय असेच उत्तर देऊ. पण पाखंडी माणसाला जाळावे काय, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

1600 हे जुबिली वर्ष होते. पापक्षमेसाठी यात्रेकरूंचे लोंढे रोमकडे येत होते. 8 फेब्रुवारीला शिक्षा वाचून दाखविण्यात आली. प्रथेप्रमाणे ख्रिस्तसभेने त्याला शहराच्या गव्हर्नरच्या हवाली केले, रक्तपात टाळावा अशी ठरावीक विनंतीही केली. आणि रोम ही पोपमहोदयांच्याच राज्याची राजधानी असल्याने तो गव्हर्नर त्यांचाच अधिकारी होता. 17 फेब्रुवारीच्या पहाटे देहदंडितांचे सांत्वन करणाऱ्या एका बंधुसंघाचे सदस्य त्याच्यासोबत निघाले. त्यांच्या नोंदवहीत या घटनेची नोंद आहे. शेवटपर्यंत त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न झाला, तो मानला नाही. त्याने काही बोलू नये म्हणून त्याची जीभ जखडली होती. त्याला विवस्त्र करून खांबाला बांधले आणि जिवंत जाळले. त्याचे वय बावन्नच्या आसपास होते. आम्ही ते वाचले तेव्हा आम्हीही त्याच वयाच्या आगेमागे होतो.

म्हणजे पुतळ्याच्या अंगावरचा झगा खरा नव्हे. तो त्याने 1576 सालीच टाकला होता. एत्तोरे फेरारी या शिल्पकाराने तो त्याला परत चढविला, आणि त्यामुळेच आम्ही त्याला संत समजलो. या पुतळ्याचा इतिहासही काही निर्मळ नाही. 1870 साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले, पोपमहोदयांची सत्ता व्हॅटिकनपुरती उरली, आणि धर्मसत्तेच्या विरोधकांनी 9 जून 1889 रोजी, नेमक्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी, हा पुतळा उघडला. त्यांच्यापैकी किती जणांनी ब्रूनोची पुस्तके वाचली होती कोण जाणे. पोप लिओ तेरावे यांना हा पुतळा फार लागला, आणि लागावा याचसाठी तो उभारला होता. चौथऱ्याभोवतीच्या पदकांत हुस, विक्लिफ, सेर्वेतुस अशा इतर पाखंड्यांचे चेहरे आहेत. सेर्वेतुसला मात्र 1553 साली आपण नव्हे, जिनीव्हाच्या प्रोटेस्टंटांनी जाळले. हे वाचून आम्हांला क्षणभर बरे वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. आपल्याशिवाय दुसऱ्यांनीही केले, या विचारातून मिळणारे समाधान किती हलक्या प्रतीचे असते हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

पुढे 17 फेब्रुवारीला आम्ही मुद्दाम तिथे गेलो. दर वर्षी त्या दिवशी पुतळ्याला पुष्पचक्रे वाहतात, भाषणे होतात. आमच्या गळ्यात धर्मगुरूची कॉलर होती. ती काढावी काय असा विचार वाटेत आला होता, तो आम्ही लाजेने दूर सारला. पत्रके वाटणारा एक म्हातारा आमच्यापाशी येऊन थांबला. कॉलरकडे पाहून त्याने विचारले, ‘‘फादर, क्षमा मागायला आलात, की तो नक्की जळाला याची खात्री करून घ्यायला?’’

त्याच्या स्वरात द्वेष नव्हता, थोडी मिस्कीली होती. आमची इटालियन भाषा मोडकीतोडकी. घाईने आम्ही म्हणालो, ‘‘आम्ही हिंदुस्थानातले. आमचा याच्याशी काही संबंध नाही.’’

त्याने खांदे उडविले, एक पत्रक आमच्या हातावर ठेवले आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

उत्तर दिले खरे, पण ते घशात अडकल्यासारखे राहिले. कारण त्याच्या बाराच दिवस आधी आम्ही रोममधल्या आपल्या काही देशबांधवांसाठी मिस्सा अर्पण केली होती आणि उपदेशात आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे हिदेयोशीच्या आज्ञेने जे सव्वीस जण क्रुसावर मारले गेले त्यांत हा वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू होता. 1627 साली ते धन्य घोषित झाले, 1862 साली संत. त्यांच्या संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1962 साली, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर फुनाकोशी या जपानी शिल्पकाराने घडविलेले त्या सव्वीस जणांचे ब्राँझशिल्प उभे राहिले. ज्या गावाने त्यांना मरताना पाहिले त्याच गावी! हे सांगताना आमचा स्वर चढला होता. ‘‘आपले गोन्सालो’’ असे आम्ही दहा वेळा म्हणालो असू.

नागासाकीचे क्रूस आणि रोमची चिता यांच्यामध्ये फक्त तीन वर्षे आणि बारा दिवसांचे अंतर आहे. एका ठिकाणी आपला माणूस श्रद्धेपायी मारला गेला. दुसऱ्या ठिकाणी आपल्या माणसांनी श्रद्धेच्या नावाने एकाला मारले. पहिल्याच्या वेळी आम्ही हजर नव्हतो, दुसऱ्याच्याही नव्हतो. मग पहिला ‘आपला’ कसा, आणि दुसऱ्याशी ‘संबंध नाही’ हे कसे?

आमच्या गावाकडे वडिलांच्या पश्चात वाडी मुलांच्या नावे होते तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नुसती नावे चढत नाहीत; इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तोही तसाच राहतो. वाडी माझी आणि बोजा बापाचा, असे तलाठ्याला सांगून चालत नाही. ते कर्ज मुलाने काढलेले नसते. त्या कर्जाबद्दल त्याला कोणी लबाड म्हणणार नाही. पण नारळ-केळी त्याला खायची असतील तर हप्ता त्यालाच भरावा लागतो. आम्ही त्या म्हाताऱ्याला दिलेले उत्तर हे बोजा नाकारणाऱ्या वारसाचे उत्तर होते.

त्यातही ‘आम्ही हिंदुस्थानातले’ ही सबब तर आणखीच लंगडी. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय स्थापन झाले आणि 1812 साली ते कायमचे बंद झाले. 1739पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि त्या न्यायालयाचा हात तिथवर पोहोचत असे. त्याच्यासमोर उभ्या केल्या गेलेल्यांत पुष्कळसे नवख्रिस्ती होते. जुन्या रीतिभाती, जुने सण, जुने विधी सोडले नाहीत हा त्यांचा अपराध. म्हणजे ज्यांच्यावर खटले चालले ती आपल्याच पूर्वजांच्या रक्ताची माणसे, आणि ज्यांच्या नावाने चालले ती आपलीच ख्रिस्तसभा. चौकातल्या त्या पुतळ्यापासून हजारो मैल दूर असण्याचा आव आम्ही आणला, पण एवढे दूर आम्ही नव्हतो.

इथे एक शंका निघते आणि ती रास्त आहे. पाप हे व्यक्तीचे असते. यहेज्केल प्रवाद्याने ठासून सांगितले आहे की बापाच्या अपराधाचा भार मुलावर येत नाही. पापनिवेदनाला आलेला माणूस शेजाऱ्याची पापे सांगू लागला तर आम्ही त्याला थांबवितो. मग चारशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांची पापे आम्ही कोणत्या अधिकाराने कबूल करावीत? पण त्याच पवित्र शास्त्रात दानिएल गोणपाट नेसून, उपास करून प्रार्थना करतो तेव्हा तो स्वतःला वगळीत नाही. पूर्वजांनी केलेले पाप तो ‘आम्ही केले’ असेच म्हणतो. 2000 साली, पुन्हा एका जुबिली वर्षात, ख्रिस्तसभेने या पेचाचा विचार केला. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाच्या दस्तऐवजात म्हटले आहे की करणाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी त्याच्या मृत्यूबरोबर संपते, पण त्या कृत्याचे ओझे स्मृतीत उरते आणि ते मागून येणाऱ्यांना वाहावे लागते. त्या वर्षी 12 मार्चला संत पेत्र महामंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेसाठी म्हणून जी असत्य साधने वापरली गेली त्यांविषयीची प्रार्थना कार्डिनल रॅट्झिंगर यांनी म्हटली. पुढे तेच पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. त्याआधी फेब्रुवारीत, ब्रूनोच्या मृत्यूला चारशे वर्षे होत असताना, व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल सोदानो यांनी पत्राद्वारे त्याच्या भीषण मृत्यूविषयी खोल खेद व्यक्त केला होता. त्याचे विचार ख्रिस्ती शिकवणुकीशी जुळत नाहीत हेही त्यात नोंदविले होते. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात सांगता आल्या, याचे आम्हांला मोल वाटते.

तरीही मन पुरते शांत झाले नाही. क्षमा ज्याच्यावर अन्याय झाला त्याने करायची असते, आणि तो तर राख होऊन गेला. शिवाय मेलेल्यांच्या वतीने पश्चात्ताप करणे फार स्वस्त असते. त्यात आपला एक पैसा खर्च होत नाही. उलट, पाहा, आम्ही त्यांच्यापेक्षा किती चांगले, असा सूक्ष्म अहंकार सुखावतो. या अहंकारावर आम्हांला उतारा मिळाला तो जेसू देवळात.

हे येशूसंघीयांचे मुख्य देऊळ त्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. वेदीच्या बाजूला बर्निनीने घडविलेला संत रॉबर्ट बेलार्मिन यांचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. हात जोडलेले, मान किंचित झुकलेली, चेहऱ्यावर गाढ प्रार्थना. बेलार्मिन हे मोठे विद्वान आणि तितकेच साधे. आपल्या खोल्यांतले भिंतीचे पडदे उतरवून त्यांनी गरिबांच्या कपड्यांसाठी दिले, भिंतींना काही थंडी वाजत नाही म्हणाले, अशी त्यांची आठवण सांगतात. 1930 साली ते संत आणि पुढच्या वर्षी महापंडित घोषित झाले. ब्रूनोपुढे ठेवलेली आठ विधाने त्यांनीच निवडली होती, आणि शिक्षा देणाऱ्या कार्डिनलांत ते एक होते. आम्ही त्या पुतळ्यासमोर बराच वेळ बसलो. हा माणूस क्रूर नव्हता. आमच्यापेक्षा तो अधिक प्रार्थना करीत होता, अधिक उपास करीत होता, गरिबांवर अधिक प्रेम करीत होता. रुस्टिकसही मूर्ख नव्हता. आणि आपण राष्ट्राचे रक्षण करीत आहोत असे हिदेयोशीलाही वाटतच असणार. बेलार्मिन यांना न दिसलेली गोष्ट आम्हांला त्या काळी दिसली असती, असे छातीवर हात ठेवून आम्ही म्हणू शकत नाही.

त्या काळी कोणालाच दिसत नव्हते, असे म्हणून मात्र सुटता येत नाही. चौथ्या शतकात, 385च्या सुमारास, त्रियर येथे प्रिसिलियन नावाच्या पाखंडी महागुरूवर सम्राटापुढे खटला चालला तेव्हा तूरचे संत मार्टिन यांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रिसिलियनची मते त्यांना मान्य होती म्हणून नव्हे. देवळाबाहेर काढले एवढी शिक्षा पुरे, तलवार कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. सम्राटाने वचन दिले, मार्टिन परतले, आणि त्यांच्यामागे प्रिसिलियनचा शिरच्छेद झाला. आपला झगा फाडून भिकाऱ्याला देणारे मार्टिन आपण मुलांना शिकवितो. त्रियरचे मार्टिन शिकवीत नाही. म्हणजे ब्रूनोच्या बारा शतके आधी एका संताला स्पष्ट दिसले होते. बेलार्मिन यांनी ते वाचलेले असणार. नंतर विसरले गेले, की सोयीने बाजूला ठेवले गेले?

आणि आम्ही स्वतः? पूर्वी एका धर्मग्रामात असताना युवकांच्या सभेत एक मुलगा उभा राहून प्रश्न विचारीत असे. अनंत नरकाची शिक्षा आणि देवाची दया यांचा मेळ कसा बसतो, असे त्याचे प्रश्न असत. स्वर उद्धट असे, हे खरे. एके दिवशी सर्वांसमोर आम्ही त्याला म्हणालो, ‘‘तुला उत्तर नको आहे, तुला टाळ्या हव्या आहेत. खाली बस.’’ टाळ्या आम्हांला मिळाल्या. तो खाली बसला आणि पुढच्या सभेला आला नाही. मग रविवारच्या मिस्सालाही येईनासा झाला. त्याच्या आईने दोन-तीनदा सांगितले, ‘‘फादर, तुम्ही एकदा बोला ना त्याच्याशी.’’ आम्ही, बघू, म्हणालो. मग आमची बदली झाली. त्याच्या केसालाही आम्ही धक्का लावला नव्हता. फक्त त्याला बोलू दिले नाही. जीभ जखडण्याची नोंद वाचली तेव्हा काम्पो दे फिओरीच्या त्या गर्दीत आम्हांला प्रथम आठवण झाली ती त्याची.

मार्चमध्ये परतण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या चौकात गेलो. बाजार उठला होता. पालिकेचे कामगार कोबीची पाने आणि देठ लोटून चौक पाण्याने धूत होते. ब्रूनोच्या कुंचीवर एक कबुतर बसले होते. पत्रके वाटणारा म्हातारा दिसतो काय म्हणून आम्ही पाहिले. तो असता तर काय सांगितले असते हे ठरविले नव्हते. पण निदान पहिले उत्तर परत घ्यायचे होते.

धर्मगुरूला जिवंत वा मृत कोणाही माणसासाठी मिस्सा अर्पण करता येते, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. परतल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत आम्ही मिस्सांच्या वहीत 17 तारखेच्या सकाळच्या रकान्यात स्वतःच एक नाव लिहिले. आमचे सॅक्रिस्टन वयाने वडीलधारे, गावातल्या प्रत्येक घराण्याची चार पिढ्यांची माहिती असलेले. त्यांनी चश्मा सावरून ते नाव दोनदा वाचले.

‘‘फादर, हे जोर्दानो कोणाकडचे? आपल्या गावात तर या नावाचे कोणी नाही.’’

‘‘धर्मगुरू होते,’’ आम्ही म्हणालो. ‘‘आपल्यापैकीच.’’

त्यांनी मान हलविली आणि घंटा वाजवायला ते निघून गेले.